डायनोसॉरच्या मागावर: सोप्या निसर्गवाटेवरचा शोधखेळ कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार ते अकरा वर्षांची बारा मुले, त्यांचे आईवडील आणि सोबत दोन-तीन आजी-आजोबा, फारसा चढउतार नसलेली, सुमारे दीड किलोमीटरची निसर्गवाट, आणि मुलांना डायनोसॉरचे वेड. या वाटेवर सगळ्यांना जमेल असा डायनोसॉरचा शोधखेळ कसा आखावा, किती वस्तू लपवाव्यात, वाचता न येणाऱ्या लहानग्यांचे काय करावे आणि बक्षीस काय ठेवावे?

मी गेली बरीच वर्षे मुलांच्या गटांना निसर्गवाटांवर घेऊन जातो. ‘किती वस्तू लपवाव्यात’ हा भाग आधी घेतो, कारण असे खेळ बहुतेक वेळा तिथेच फसतात. माझा पहिला खेळही तिथेच फसला होता. मी वाटेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची चाळीस अंडी लपवली होती. खेळ सुरू होताच दोन थोराड मुलांनी धाव घेतली आणि दहा मिनिटांत निम्म्याहून अधिक अंडी गोळा केली. सर्वांत लहान मुलगी रिकामी पिशवी छातीशी धरून रडत उभी राहिली. एका मुलाने झाडाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातलेला मला दिसला, आणि त्या ढोलीत मी काही ठेवलेलेच नव्हते. शेवटी मोजली तेव्हा अंडी चौतीस भरली. उरलेली सहा शोधण्यासाठी संध्याकाळी विजेरी घेऊन मी पुन्हा तीच वाट तुडवली. पाच सापडली. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारले, तर अंड्यांचे रंग सगळ्यांना आठवत होते. वाटेवरचे एकही झाड कोणाला आठवत नव्हते.

म्हणून माझे उत्तर असे आहे की लपवण्याच्या वस्तू जवळजवळ शून्यावर आणाव्यात आणि वाटेवर जे आधीपासून आहे तेच डायनोसॉरच्या निमित्ताने शोधायला लावावे. आठ ते दहा टप्पे पुरेसे होतात. त्यांपैकी दोन किंवा तीनच टप्प्यांवर तुम्ही काही मांडलेले असावे. बाकीच्या ठिकाणी कार्डावरचा प्रश्न मुलांना पान, पक्षी, दगड, चिखल यांच्याकडे वळवेल असा असावा. ‘गोळा करा’ ऐवजी ‘शोधा, पाहा, खूण करा’ ही एकच अट घातली की पळापळ, हिसकाहिसकी आणि कचरा या तिन्ही गोष्टी एकदमच बऱ्याच कमी होतात.

वाटेचे गणित लवकर आटोपते. चार वर्षांचे मूल थांबत-थांबत, प्रश्न विचारत दीड किलोमीटर चालायला दीड तास सहज घेते, तेव्हा तेवढा वेळ धरूनच चालावे. दोन टप्प्यांमध्ये शंभर-दीडशे मीटरांहून अधिक अंतर पडले की लहानांचा रस ओसरतो, पण प्रत्येक वीस पावलांवर काही ठेवले तर चालण्याची मजाच राहत नाही. पहिले दोन टप्पे अगदी सोपे आणि जवळजवळ ठेवा, म्हणजे खेळ कसा खेळायचा हे न सांगताच मुलांना कळते. आदल्या दिवशी एकदा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा, मुलाच्या उंचीवर वाकून वाट पाहून या. काटेरी फांद्या, मधमाश्यांचे पोळे, निसरडा भाग हे उभ्याने चालताना नजरेतून सुटते. जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्यावी, कारण राखीव जागांमध्ये तात्पुरती कार्डे बांधायलाही मनाई असू शकते. सोबत बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर एकही टप्पा वाटेच्या कडेपासून आत ठेवू नये.

आता टप्प्यांकडे वळतो. माझ्या मते सर्वांत रंगणारा टप्पा म्हणजे काळाची पावले. वाटेचा एखादा सरळ, रुंद पट्टा निवडा आणि एक मोठे पाऊल म्हणजे दहा लाख वर्षे असे ठरवा. डायनोसॉर साधारण 23 कोटी वर्षांपूर्वी अवतरले, म्हणजे पट्टा 230 पावलांचा होईल. मोठ्या माणसाच्या चालीने हे अंतर 160 मीटरच्या आसपास भरते. शेवटच्या टोकाला ‘आज’ असे लिहिलेले कार्ड ठेवा आणि तिथून मागे मोजत खुणा करा. 150 व्या पावलावर स्टेगोसॉरस येतो, आणि पिसे असलेला आर्किऑप्टेरिक्सही जवळजवळ तिथेच. 67 व्या पावलावर टिरॅनोसॉरस रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स भेटतात. त्याच्या पुढच्याच पावलावर, म्हणजे 66 वर, एक मोठा दगड असल्यास तोच दाखवावा: सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आज मेक्सिकोत असलेल्या युकातान भागात आदळला आणि पक्षी वगळता सगळे डायनोसॉर संपले.

या पट्ट्यावर मुले चालत असताना त्यांना एकच गोष्ट मोजायला सांगा. स्टेगोसॉरसपासून टी-रेक्सपर्यंत पावले किती आणि टी-रेक्सपासून आपल्यापर्यंत किती? पहिले उत्तर 83 येते, दुसरे 67. खेळण्यांच्या डब्यात ज्यांची रोज मारामारी लावली जाते ते दोघे कधी भेटणेच शक्य नव्हते, आणि टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला काळाने जवळचा आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही. त्यांच्या पायांनी ते मोजलेले असते. मग शेवटच्या कार्डाजवळ बसून जमिनीवर एक वीत मोजून दाखवावी. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे पावलाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी. तिचा सगळा इतिहास त्या एका वितीत मावतो. इथे बहुधा आजी-आजोबाच सर्वाधिक वेळ रेंगाळतात. पावले मात्र एकाच मोठ्या माणसाने आधी मोजून खुणा केलेल्या असाव्यात. मुलांच्या पावलांवर सोडले तर प्रत्येकाचा लघुग्रह वेगळ्या ठिकाणी पडतो.

दुसरा भरवशाचा टप्पा पाऊलखुणेचा आहे. वाटेवर ओलसर वाळू किंवा मऊ माती असेल तिथे काडीने तीन बोटांचा एक मोठा ठसा रेखा, मागच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 45 सेंटिमीटर लांबीचा. प्रश्न असा असावा: या प्राण्याची कंबर जमिनीपासून किती उंच होती? दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या कंबरेची उंची ठशाच्या लांबीच्या साधारण चौपट धरावी, हा ढोबळ नियम ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये मांडला आणि आजही पहिला अंदाज बांधताना तोच वापरला जातो. मुलांकडे मोजपट्टी देऊ नका, सुतळी द्या. सुतळीवर ठशाएवढी लांबी धरायची, तेवढीच लांबी सलग चार वेळा मोजायची आणि ती चौपट सुतळी झाडाच्या खोडाशी उभी धरायची. एका गटात सात वर्षांच्या मुलीने ही सुतळी खोडाऐवजी वडिलांना लावली, ती त्यांच्या डोक्याला टेकली, आणि मुलगी क्षणभर गप्प राहून म्हणाली, “म्हणजे बाबांच्या डोक्याशी त्याची फक्त कंबरच.” त्यानंतर त्या गटात प्रत्येक मुलाने आपापल्या पायाचा ठसा उमटवून तो नियम स्वतःवर लावून पाहिला. तो माणसांना नीट लागू पडत नाही. आपला पाय कंबरेच्या मानाने वेगळ्या प्रमाणाचा असतो आणि आपण टाच टेकवून चालतो, तर हे डायनोसॉर बोटांवर चालत. ही चूकही मुद्दाम होऊ द्यावी, कारण त्यातून निघणारी चर्चा मूळ प्रश्नापेक्षा चांगली असते.

वस्तू मांडण्याची हौस ज्या टप्प्यावर भागवून घ्यावी तो हा: वीसेक मीटरचा एक पट्टा ठरवून त्यात वाटेच्या कडेला, दिसतील अशाच पण सहज न दिसणाऱ्या ठिकाणी डायनोसॉरची दहा खेळणी ठेवायची. मुलांनी एकेक करून, न बोलता, वाटेवरूनच चालायचे, कशालाही हात लावायचा नाही आणि शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या कानात फक्त आकडा सांगायचा. पहिल्या फेरीत दहा आकडा क्वचितच येतो. तो माणूस “अजून आहेत” एवढेच म्हणतो आणि मुले आपण होऊन परत मागे वळतात. काही खेळणी भडक रंगाची असावीत, काही पाचोळ्याच्या रंगाची. एक तरी मुलाच्या डोळ्यांच्या वर असावे, कारण मुले नेहमी खालीच पाहतात. खेळ झाल्यावर भडक खेळणी आधी आणि तपकिरी शेवटी का दिसली हे विचारायचे. सिटॅकोसॉरस या लहान शाकाहारी डायनोसॉरच्या एका जीवाश्मात त्वचेतील रंगद्रव्याच्या खुणा टिकलेल्या आहेत. त्यांवरून तो पाठीकडे गडद आणि पोटाकडे फिका होता असे 2016 मध्ये दाखवण्यात आले. आजच्या हरणांमध्ये दिसणारी ही रंगसंगती विरळ उजेडाच्या रानात लपायला उपयोगी पडते. मुले त्याच सावल्यांत उभी असताना हे ऐकतात, तेव्हा वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

त्याच खेळण्यांत तीन तोतये घाला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत ते आयतेच असतात: उडणारा टेरॅनोडॉन, वल्ह्यांसारख्या पायांचा प्लेसिओसॉर आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन. यांपैकी एकही डायनोसॉर नाही. डायमेट्रोडॉन तर पहिल्या डायनोसॉरच्या कोट्यवधी वर्षे आधी होऊन गेला आणि नात्याने तो सरड्यांपेक्षा आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, जवळचा आहे. वेडी मुले हे तोतये तत्काळ ओळखतात आणि मोठ्यांना शिकवतात. गटात असे एखादे मूल असतेच. त्याला इथे बोलू द्यावे, म्हणजे उरलेल्या वाटेवर ते प्रत्येक उत्तर आधीच फोडत नाही.

वाटेवरच्या वनस्पती आणि लहान जिवांसाठी मी दोन रकान्यांचे कार्ड वापरतो: ‘स्टेगोसॉरसच्या ओळखीचे’ आणि ‘स्टेगोसॉरसने कधी न पाहिलेले’. नेचे, शेवाळ, सूचिपर्णी वृक्ष, चतुर, कोळी, गोगलगाय ही पहिल्या रकान्यात जातात; यांचे पूर्वज त्याच्याही काळी होते, आणि चतुरांच्या कुळातील कीटक तर डायनोसॉरच्या बरेच आधीपासून उडत आहेत. फूल मात्र दुसऱ्या रकान्यात. फुलणाऱ्या वनस्पतींचे निर्विवाद जीवाश्म साधारण 13 कोटी वर्षांच्या अलीकडचे आहेत, त्यामुळे स्टेगोसॉरसला फूल ठाऊक असण्याचा संभव नव्हता, ट्रायसेराटॉप्सला मात्र होता. गवताची गंमत वेगळी आहे. डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच असे पूर्वी मानले जाई. पण महाराष्ट्रातील पिसदुरा येथे सापडलेल्या, डायनोसॉर युगाच्या अखेरच्या विष्ठाजीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती समजूत बदलावी लागली. तेव्हा गवत स्टेगोसॉरसच्या अनोळखी रकान्यातच राहते, पण शेवटच्या काळातील लांब मानेच्या डायनोसॉरच्या पोटात ते गेले होते. एखाद्या मुलाने बाकावर बोट ठेवून ‘हेही त्याने पाहिले नव्हते’ असे म्हटले, तर गुण द्यावा.

विष्ठेचा विषय निघालाच आहे, तर त्याचाही एक टप्पा अवश्य ठेवा. मुलांचे सर्वाधिक हसू तिथेच फुटते. वाटेवर एखाद्या प्राण्याची लेंडी किंवा पक्ष्याची विष्ठा शोधायची, लांबूनच पाहायची आणि ‘हा काय खात असेल’ ते सांगायचे. दगड झालेल्या विष्ठेला कॉप्रोलाइट म्हणतात, हे नाव ब्रिटिश भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी 1829 मध्ये दिले. याच बकलंड यांनी 1824 मध्ये मेगालोसॉरस या डायनोसॉरचे वर्णन केले होते, ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये घडवण्याच्या अठरा वर्षे आधी. कॅनडात सापडलेला, बहुधा टी-रेक्सचाच, 44 सेंटिमीटर लांबीचा हाडांच्या तुकड्यांनी भरलेला कॉप्रोलाइट 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. मघाच्या ठशाएवढीच सुतळी पुन्हा काढून दाखवावी. तो आकडा मुले विसरत नाहीत.

जिवंत डायनोसॉरचा टप्पा ठरावीक जागी ठेवू नये. मुलांच्या हातातल्या कार्डावर पहिल्यापासून लिहून ठेवावे की वाटेवर कुठेही जिवंत डायनोसॉर दिसला तर हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज, किंबहुना डायनोसॉरच, हे बहुतेकांच्या अर्ध्या वाटेत लक्षात येते आणि तिथून पुढे गट आपोआप हळू व शांत चालू लागतो. व्हेलोसिरॅप्टर या लहान मांसाहारी डायनोसॉरची गोष्ट इथेच सांगावी: तो नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आतबाहेर होता, कंबरेपाशी जेमतेम अर्धा मीटर उंच, आणि त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसे रुजण्याच्या गाठी असल्याचे 2007 मध्ये दाखवले गेले. पीस सापडले तर पाहून तिथेच ठेवावे. अनेक देशांत रानपक्ष्यांची पिसे घरी नेणे कायद्यानेच निषिद्ध आहे.

सोबत बारा मीटरची एक जाड दोरी घ्या आणि दोन मीटरवर एक, नऊ मीटरवर एक गाठ मारा. दोन मीटर म्हणजे व्हेलोसिरॅप्टर, नऊ म्हणजे मोठा स्टेगोसॉरस, संपूर्ण दोरी म्हणजे टी-रेक्स. अरुंद जागी किंवा ओढ्यावरील साकवापाशी सगळ्या मुलांनी ही दोरी धरून एका रांगेत चालायचे, म्हणजे तेच टी-रेक्स होतात. खरे सांगायचे तर ही दोरी मी सुरक्षिततेसाठी आणली होती. बारा मुलांना एका रांगेत ठेवण्याचा याहून कमी कटकटीचा उपाय मला सापडलेला नाही.

वाचता न येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक कार्डावर मजकुराआधी चित्र असावे आणि चित्रावरूनच काय शोधायचे ते कळावे. मात्र तेवढ्याने भागत नाही. मोठी मुले मोठ्याने वाचून उत्तरही देऊन मोकळी होतात, म्हणून मी कामे वाटून देतो: एकाने कार्ड वाचायचे, दुसऱ्याने सुतळी धरायची, तिसऱ्याने खूण करायची, आणि ‘सापडले’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्याला. अकरा वर्षांच्या मुलाला हा नियम पहिली पाच मिनिटे जाचक वाटतो, पण नंतर तो धाकट्याला हळूच इशारे द्यायला लागतो, आणि अवघड काम हेच आहे हे त्याच्या लक्षात येते. वेळ लावून स्पर्धा घेऊ नये. सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस ठेवले की काळाच्या पावलांवरून मुले धावत सुटतात आणि 23 कोटी वर्षे वीस सेकंदांत संपतात.

बक्षीस सगळ्यांना एकच असावे आणि ते शेवटी द्यावे. मी प्रत्येकाला त्याने स्वतः भरलेले कार्ड आणि त्यावर ठशाचा शिक्का एवढेच देतो. शिक्का बटाटा कापून घरी करता येतो. लहान खेळणी वाटायची असतील तर तीन वर्षांखालील भावंडे सोबत आहेत का ते पाहा, कारण ती वस्तू थेट तोंडात जाते.

काही नियम सुरुवातीलाच, एकदाच आणि ठामपणे सांगावेत. दगड उलटायचा नाही, ढोलीत किंवा बिळात हात घालायचा नाही, पान तोडायचे नाही, खणायचे नाही. मुलांना हे पटावे म्हणून मी आधीच सांगून टाकतो की कोणतीही गोष्ट कशाच्याही खाली किंवा आत लपवलेली नाही. आणि तुम्हीही खरोखरच तसे काही लपवू नका, नाहीतर सांगितलेल्या नियमाला अर्थ राहत नाही. कार्डे झाडाला खिळ्याने ठोकू नका, सुती दोऱ्याने बांधा, आणि गुडघ्यापासून कंबरेपर्यंतच्या उंचीवर बांधा. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक मोठे माणूस ठरलेले असावे. मागच्याला आमच्याकडे ‘शेपूट’ म्हणतात, आणि शेपटाच्या मागे कोणी राहायचे नाही. प्रत्येक टप्प्यावर डोकी मोजा. वाट चुकल्यास जिथे असाल तिथल्या सर्वांत जवळच्या झाडापाशी उभे राहायचे आणि शिटी तीनदा वाजवायची, हे मुलांकडून एकदा करवून घ्या. नुसते सांगितलेले ऐन वेळी आठवत नाही.

काय मांडले आणि कुठे मांडले याची यादी मांडतानाच लिहावी, आठवणीवर विसंबू नये. परतताना शेपटाने ती यादी हातात घेऊन कार्डे, दोरे आणि खेळणी उचलावीत आणि वाळूतला ठसा पायाने पुसून टाकावा, कारण मागून येणाऱ्या कोणी तो खऱ्या प्राण्याचा समजून घाबरल्याचे एकदा मी पाहिले आहे.

पावसाची शक्यता असेल तर कार्डे प्लास्टिकच्या पाकिटात घाला, पण पाकिटाचे तोंड खाली ठेवा. वर ठेवले तर त्यात पाणी साचून शाई उतरते. रिमझिम असेल तर खेळ रद्द करू नये, ठशाचा टप्पा तेव्हाच सर्वांत चांगला जमतो. वीज किंवा जोराचा वारा असेल तर मात्र त्याच दिवशी निघण्याचा हट्ट धरू नका. तेव्हा घराच्या ओसरीत बारा मीटरची दोरी पसरून टी-रेक्स कुठपर्यंत जातो ते पाहता येते, आणि बहुधा तो दाराबाहेरच निघतो.